वाटाड्याचं 'नाही'

दरीतला दोन-तीन दिवसांचा ट्रेक करून परत आलं की भेटेल तो माणूस दोन प्रश्न विचारतो. 'पूर्ण झाला का?' आणि 'माणशी किती घेतले?' आमच्या आत्याचा त्यात एक जास्तीचा असतो, 'जेवणाखाण्याचं काय केलंत रे?' खरं सांगायचं तर तिघांत आत्याचाच प्रश्न मुद्द्याच्या सगळ्यात जवळ जातो. कुठे जेवलात म्हणजे कुणाच्या घरी जेवलात, आणि कुणाच्या घरी म्हणजे कुणाच्या भरवशावर खाली उतरलात! या भरवशाबद्दलच आज थोडं लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. दरीच्या ट्रेकमध्ये वाटाड्याला आपण पैसे देतो ते वाट दाखवण्याचे, असं आपल्याला वाटतं. ते द्यायला हवेत 'आज उतरायचं नाही' असं त्याला मोकळेपणी म्हणता यावं यासाठी. आणि तसं व्हायचं असेल तर गावातला मुक्काम हवाच.

आता जरा सविस्तर.

सांदण दरी आता बऱ्याच जणांना फोटोंवरून माहीत झाली आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंडारदऱ्याच्या पुढे, घाटघरच्या बाजूला, अकोले तालुक्यात साम्रद नावाचं छोटं गाव आहे. गाव सह्याद्रीच्या अगदी काठावर. एका अंगाला रतनगड, समोर अलंग-मदन-कुलंग, पलीकडे आजोबा. गावातून दहा-पंधरा मिनिटं चाललं की जमिनीला भेग पडल्यासारखी एक घळ सुरू होते. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच काळा कातळ आणि मधे दगडधोंड्यांनी भरलेली चिंचोळी वाट. काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडचे कातळ हाताला लागतील की काय असं वाटतं. पुढे गार पाण्याचे दोन डोह लागतात, त्यातला दुसरा जास्त खोल. त्याच्याही पुढे गेलं की कडे लागतात आणि ते दोरावरूनच उतरावे लागतात. सगळं उतरून गेलात की तुम्ही देशावरून थेट कोकणात पोचता. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात, डेहणे गावाकडे. परत वर यायचं तर करोली घाटाची जुनी पायवाट आहे.

म्हणजे नीट तीन दिवस काढले तर फार सुरेख वर्तुळ होतं. पहिल्या दिवशी रतनगड बघून साम्रदला मुक्काम. दुसऱ्या दिवशी दरी उतरून डेहण्यात मुक्काम. तिसऱ्या दिवशी करोली घाट चढून परत साम्रद. वरचं गाव, खालचं गाव, आणि दोघांना जोडणाऱ्या दोन वाटा. एक पाण्याची आणि एक माणसांची.

पण बहुतेक लोक असं करत नाहीत. शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून बस निघते, पहाटे साम्रदला पोचते. पोहे-चहा होतो आणि झोपाळलेले चाळीस लोक दरीत शिरतात. संध्याकाळी खालून दुसरी बस. गावाशी संबंध काय, तर पोहे आणि प्रसाधनगृह. बरोबर एखादा गावातला मुलगा पुढे चालत असतो, त्याचं नाव चाळीसपैकी दोघांना माहीत असतं. मी कुणाला नावं ठेवत नाही, रजा मिळत नाही हे मलाही कळतं. पण या घाईत नेमकं काय हरवतं ते मला नोव्हेंबर २०२३ मध्ये दिसलं.

त्या वर्षी २५ ते २७ नोव्हेंबर अशी शनिवार-रविवार आणि जोडून गुरुनानक जयंतीची सुट्टी आली होती. आम्ही नऊजण होतो. शनिवारी रतनगड झाला. रात्री ज्यांच्या घरी उतरलो त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत होतो. तेच आमचे वाटाडे. ओसरीवर सतरंज्या, तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा आणि घरच्या काळभाताचा वास सगळ्या घरभर. (काळभात माहीत नसेल त्यांनी त्या बाजूला गेल्यावर आवर्जून मागून खावा. अकोल्याकडचा जुना वाण आहे. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असे कितीतरी देशी वाण सांभाळले, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.) जेवण झाल्यावर मामा गप्पा मारत बसले. आम्हाला वाटलं मामांना गप्पांची आवड आहे. नंतर लक्षात आलं की ते आम्हाला पारखत होते. कुणाचा गुडघा दुखतो, कोण गडावरून उतरताना बसून बसून उतरला, पोहता कुणाला येतं, हे सगळं त्यांनी अर्ध्या तासात काढून घेतलं होतं.

रविवारी सकाळी आभाळ भरून आलं. २६ नोव्हेंबरचा तो दिवस कित्येकांच्या लक्षात असेल. नाशिक, नगर, पुणे जिल्ह्यांत अवकाळी पाऊस झाला, कुठे कुठे गारा पडल्या, द्राक्षं आणि कांद्याचं फार नुकसान झालं. सकाळी सातला मात्र साम्रदला एक थेंबही नव्हता. मामा अंगणात उभे राहून बराच वेळ आभाळाकडे बघत होते. मग आत आले आणि म्हणाले, "आज नाय उतरायचं."

आमच्यातल्या दोघांनी हुज्जत घातली. पाऊस कुठे आहे? मोबाइलवर तर दुपारनंतर दाखवतोय. निदान डोहापर्यंत तरी जाऊ. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पाणी आलं तर चढायला जागा कुठंय?"

याला उत्तर नव्हतं. दरी ही नाली आहे हो! वरच्या पठारावरचं पाणी जिथून खाली धावतं त्या वाटेनेच आपण चाललेलो असतो. गडावर पाऊस आला तर कपारीत बसता येतं, जंगलात आला तर भिजता येतं. दरीत दोन्हीकडे भिंती, मागे डोह आणि पुढे कडा. शिवाय दोराने एक कडा उतरून दोर काढून घेतला की मागे फिरायची सोय संपली. बरं, पाऊस आपल्या डोक्यावरच पडायला हवा असंही नाही.

हे शेवटचं वाक्य मी पुस्तकी म्हणून लिहीत नाहीये. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात अँटिलोप कॅन्यन नावाची अशीच एक चिंचोळी दरी आहे, लाल वालुकाश्माची. १२ ऑगस्ट १९९७ रोजी तिथे अचानक पाण्याचा लोंढा आला आणि ११ पर्यटक गेले. वाचला तो एकटा त्यांचा वाटाड्या. दरीवर त्या वेळी जेमतेम पाऊस होता. ढग फुटला होता वरच्या अंगाला, कितीतरी मैल लांब. ती जमीन नवाहो आदिवासींची. आज तिथे नवाहोंची परवानगी असलेल्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि वर पावसाचं चिन्ह दिसलं की दरी बंद करतात.

दुसरी गोष्ट स्वित्झर्लंडची, इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख ओढ्याची. २७ जुलै १९९९. दरीतून पाण्यासोबत घसरत-उड्या मारत जायचा खेळ, वरती गडगडाट सुरू असतानाही चालू ठेवला गेला. २१ जण मेले, १८ पर्यटक आणि ३ वाटाडे. खटला चालला आणि डिसेंबर २००१ मध्ये आठपैकी सहाजण दोषी ठरले. कोण? कंपनीचे संचालक, व्यवस्थापक आणि वरिष्ठ वाटाडे. हाताखालचे दोन वाटाडे सुटले. मला हा निकाल फार बोलका वाटतो. दरीत उतरायचं की नाही हे दरीच्या तोंडाशी उभा असलेला माणूस ठरवतो असं दिसतं, पण प्रत्यक्षात ते आधीच कुठेतरी टेबलावर ठरलेलं असतं. तिकिटं विकली गेली, बस भरली, परतीची वेळ ठरली, की दरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ठरवण्यासारखं फार थोडं उरतं. पुढे स्वित्झर्लंडने अशा जोखमीच्या खेळांसाठी कायदा केला आणि २०१४ पासून तो लागू झाला. आपल्याकडेही २०२१ साली राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांची नोंदणी वगैरे आहे. चांगलंच आहे. पण कागद आयोजकाकडे असतो आणि आभाळ वाटाड्याला दिसतं. दोघांच्या मधे पैसा उभा असतो.

आता त्या पैशाकडे येऊ.

समजा बसने आलेला चाळीसजणांचा गट आहे. गावातल्या मुलाला दरी उतरवून देण्याचे ठरावीक पैसे मिळणार आहेत. सकाळी आभाळ भरून आलं. तो 'नको' म्हणाला तर काय होईल? गट परत जाईल किंवा दुसरीकडे जाईल. त्याचे पैसे बुडतील, पोहे करणाऱ्या घराचं दुपारचं जेवण रद्द होईल, आणि पुढच्या वेळी आयोजक 'अडवणूक न करणारा' दुसरा मुलगा शोधेल. 'हो' म्हणाला तर? शंभरातल्या नव्वद वेळा काहीच होणार नाही. पाऊस हुलकावणी देऊन जाईल, फोटो छान येतील. म्हणजे 'नाही' म्हणण्याची शिक्षा रोख आहे आणि 'हो' म्हणण्याची उधार. अशा हिशोबात माणसाने किती वेळा 'नाही' म्हणावं अशी आपली अपेक्षा आहे? पावसाळ्यात दरी बंदच असते, म्हणजे हंगाम सगळा मिळून काही महिन्यांचा. त्यातल्या एकेका रविवारची किंमत त्या घराला असते.

मामांचा हिशोब वेगळा होता. आम्ही त्यांच्या घरी राहत होतो. दरी झाली नाही तरी नऊ माणसांचं दोन वेळचं जेवण आणि रात्रीचा मुक्काम त्यांच्याच घरी होणार होता. वाटाड्याचे दिवसाचे पैसे दरी उतरलो काय, न उतरलो काय, द्यायचेच हे आधीच ठरलेलं होतं. ही अट आमच्यातल्या एका मैत्रिणीने घातली होती, तिला सगळ्यांतर्फे धन्यवाद. त्यामुळे सातच्या त्या क्षणी मामांना फक्त आभाळाकडे बघायचं होतं, आमच्या तोंडाकडे नाही.

दुपारी पाऊस आला आणि चांगला आला. दिवस फुकट गेला असं मात्र कुणालाच म्हणता येणार नाही. मामांच्या खळ्यात कापलेलं भात रचून ठेवलेलं होतं. भिजलं तर दाणा काळा पडतो, कोंब येतात. पाऊस यायच्या आधी सगळ्या घराची धावपळ उडाली आणि आम्ही तिच्यात सामील झालो. भारे उचलून पडवीत, उरलेल्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. आमच्यातल्या हुज्जत घालणाऱ्या दोघांनी सगळ्यात जास्त भारे वाहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. संध्याकाळी मामी म्हणाल्या, अर्धं तरी वाचलं. त्या 'अर्धं तरी'चा अर्थ शहरात पावसाच्या बातम्या ऐकून कधी कळला नसता.

सोमवारी ऊन पडलं. मामांनी आम्हाला दरीत फक्त पहिल्या डोहापर्यंत नेलं. तिथे कातळात आमच्या डोक्याच्याही वर, एका खाचेत अडकलेला एक वाळका ओंडका त्यांनी दाखवला. तो तिथे कुणी नेऊन ठेवलेला नव्हता. आदल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं त्याची ती खूण. सगळे जरा वेळ गप्पच होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही परत गेलो, त्यातले सातजण. तेव्हा सगळं वर्तुळ पूर्ण केलं. दोर लावायला अनुभवी मुलं होती, पुढे मामा होते. डोहाचं पाणी हाडं गोठवणारं, कडे उतरताना पोटात गोळा, आणि दरी संपता संपता बाण सुळका समोर उभा राहतो तेव्हा मान मोडेपर्यंत वर बघत राहणं, हे सगळं वर्णन कुणीही करेल म्हणून आवरतो. मला सांगायचंय ते डेहण्याचं. तिथे रात्री ज्या घरी उतरलो ते मामांच्या ओळखीतलं होतं. मामांना तिथे पाहुण्यासारखा पाट मिळाला. वरच्या गावची ख्यालीखुशाली विचारली गेली, कुणाची सोयरीक कुठे जमतेय याची चर्चा झाली. आम्ही ज्याला 'खालचा एक्झिट पॉइंट' म्हणतो ते मामांचं शेजारचं गाव होतं, मधे फक्त सह्याद्री! दुसऱ्या दिवशी करोली घाट चढताना ते म्हणाले, आधी बाजाराला याच वाटेने जायचो. आम्ही धापा टाकत होतो, मामा एका हातात चप्पल घेऊन चालले होते.

खालच्या गावात मुक्काम नसता तर यातलं काहीच दिसलं नसतं, आणि खालच्या गावाला आमच्यापासून काही मिळालंही नसतं. एरवी डेहण्याच्या वाट्याला येतं ते बसचा धूर आणि प्लास्टिकच्या बाटल्या.

माझ्या या म्हणण्यावर आक्षेप येतील, घरातच आले आहेत. एक भाचा म्हणतो, "मामा, हल्ली रडार असतं, उपग्रह असतात, आभाळाकडे बघून सांगणाऱ्याचं काय कौतुक?" रडार बघावंच. मामाही मुलाच्या मोबाइलवर बघतात. पण रडार ढग दाखवेल, अमुक ओढ्याला पाणी यायला किती वेळ लागतो आणि आपल्यातला कोण डोहाशी अडकून पडेल हे नाही दाखवणार. दोन्ही लागतं. आणि दोन्ही असूनही शेवटी कुणीतरी तोंडाने 'नाही' म्हणावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. गावाला पर्यटनाची अशी सवय लागणं बरं का? उद्या लोक यायचे थांबले तर? मला याचं पूर्ण उत्तर येत नाही. पण ज्यांचं भात पडवीत आहे, ज्यांची जनावरं गोठ्यात आहेत, अशा घरात चार महिने पाहुणे आले तर ते घर शेतीवरच उभं राहतं आणि वरकड पैसा पाहुण्यांचा होतो. मला काळजी वाटते ती दरीच्या काठावर बाहेरच्यांनी बांधलेल्या तंबूंची आणि रात्री तिथे लावलेल्या स्पीकरची. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं क्षेत्र आहे, १९८६ पासून. तिथे रात्री आवाज कुणाचा असावा हे ठरलेलं आहे, आणि तो आपला नाही.

तिसरा आक्षेप, की हे सगळं महाग पडतं. पडतं थोडं. पण 'घरगुती आहे ना, मग कमी करा' हे आपलं नेहमीचं वाक्य जरा तपासून बघा. हॉटेलात खोली घेतली आणि पावसामुळे बाहेर पडता आलं नाही, तर आपण खोलीचं भाडं कमी करा म्हणतो का? मग ज्या घरातल्या बाईने पहाटे चारला उठून नऊ माणसांच्या भाकऱ्या थापल्या, तिच्याशीच घासाघीस का?

तेव्हा कुणी असा ट्रेक ठरवत असाल, सांदणचा किंवा दुसऱ्या कुठल्याही दरीचा, तर पैसे भरायच्या आधी आयोजकाला तीन गोष्टी विचारा. उतरायचं की नाही हे सकाळी कोण ठरवणार? तो नाही म्हणाला तर त्याला त्या दिवसाचे पैसे मिळणार का? आणि आदली रात्र गावात आहे की बसमध्ये? पहिल्याचं उत्तर 'आमचे मुंबईचे लीडर' असं आलं, दुसऱ्याला 'अं...' आणि तिसऱ्याला 'बसमध्ये', तर दरी कितीही सुंदर असो, तो ट्रेक स्वस्तात पडला असं समजू नका.

माझा मामेभाऊ ऑफिसातल्या दहाजणांना घेऊन येत्या जानेवारीत जाणार आहे. त्याने माझ्याकडे सामानाची यादी मागितली होती. टॉर्च, बूट, कोरडे कपडे, सगळं लिहून दिलं. यादीत सगळ्यात वर मात्र लिहिलंय, 'एक दिवसाची जास्तीची रजा.'